ऐकू येणे आणि ऐकून घेणे

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. दुपारची जेवणे उरकली, की ती मोबाईल घेऊन कोरियन मालिका पाहत बसायची. एके दिवशी तिने विचारले, "खाला, तुम्ही पण पाहायच्या ना? अम्मी सांगत होती. तुमची आवडती कोणती?" मी नाव सांगितले. तिने ते ऐकलेले नव्हते. तिच्या दृष्टीने ती फार जुनी मालिका होती. मग ठरले, दोघींनी मिळून पाहायची. ती पहिल्यांदा, मी दुसऱ्यांदा.

मालिकेचे नाव 'आय कॅन हिअर युवर व्हॉइस'. दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीवर ती ५ जून २०१३ पासून १ ऑगस्ट २०१३ पर्यंत आठवड्यातून दोन दिवस दाखवली गेली. भाग अठरा. लेखिका पार्क हे-र्यन, दिग्दर्शक जो सू-वन. मी ती पाहिली २०१४ मध्ये, बी.एड.च्या वसतिगृहात. बी.एड. तेव्हा एकाच वर्षाचे होते. खोलीतल्या मैत्रिणीने पेनड्राइव्हवर सगळे भाग आणले होते. संवाद कोरियन आणि खाली इंग्रजी ओळी. दिवसा शैक्षणिक मानसशास्त्राची टिपणे काढायची आणि रात्री दिवा मालवून एका लॅपटॉपभोवती चौघींनी बसायचे. अठरा भाग आम्ही पाच रात्रींत संपवले.

आवडती गोष्ट पुष्कळ वर्षांनी पुन्हा पाहिली, की ती वेगळी वाटते. गोष्ट तीच असते, आपण बदललेलो असतो. हे सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मला लिहायचे आहे ते एका प्रश्नाबद्दल. पहिल्या वेळी तो मला दिसलाच नव्हता. दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळू लागले, तर आपण त्याला न्याय देऊ शकू का?

गोष्ट थोडक्यात सांगते. जांग हे-संग ही एका न्यायाधीशाच्या घरी काम करणाऱ्या बाईची मुलगी. न्यायाधीशांची मुलगी सो दो-यन तिच्याच शाळेत शिकते. एकदा फटाक्याने दो-यनच्या डोळ्याला इजा होते. दो-यन सांगते, हे-संगने मारला, मी पाहिले. हे-संग म्हणते, मी मारलेला नाही. कबूल कर, माफी माग, म्हणजे प्रकरण मिटेल, असा मार्ग तिच्यापुढे ठेवला जातो. ती तो नाकारते. तिला शाळेतून काढून टाकले जाते.

त्याच सुमारास या दोन्ही मुली रस्त्यावर एक खून होताना पाहतात. मिन जून-गुक नावाचा माणूस एका मोटारीला ट्रकची धडक देतो, आतल्या माणसाला ठार मारतो आणि अपघाताचा बनाव करतो. मोटारीत त्या माणसाचा लहान मुलगा आहे, पार्क सू-हा. तो न्यायालयात सांगतो, की अब्बांना यानेच मारले. पण धक्क्याने बावरलेल्या पोराचे कोण ऐकणार? दोघी मुली साक्ष द्यायला न्यायालयाच्या दारापर्यंत येतात. दो-यन दारातून पळ काढते. हे-संग आत जाते आणि पाहिले ते सांगते. मिन जून-गुक तुरुंगात जातो, पण जाण्यापूर्वी तिचा सूड घेण्याची धमकी देतो.

आम्ही उर्दूत साक्षीला शहादत म्हणतो, आणि जीव ओवाळून टाकण्यालाही शहादतच म्हणतो. वर्गात हा शब्द शिकवताना मी नेहमी दोन अर्थ वेगवेगळे लिहून देते. हा प्रसंग पाहताना वाटले, की ते दोन अर्थ इतके वेगळे नाहीत. खरे सांगणाऱ्याला काहीतरी मोजावे लागते, हे ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना ठाऊक असावे.

दहा वर्षांनंतर हे-संग वकील झालेली आहे. ज्या आरोपींना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी कोरियातील न्यायालये ठरावीक पगारावर पूर्णवेळ वकील नेमतात. ती तशी वकील आहे. ध्येय वगैरे काही नाही, दरमहा पगार मिळतो म्हणून आलेली. दो-यन सरकारी वकील झाली आहे, म्हणजे दोघी पुन्हा समोरासमोर. हे-संगचा सहकारी छा ग्वान-ऊ हा पूर्वी पोलिसात होता. भाबडा, कष्टाळू आणि माणसांवर विश्वास ठेवणारा. आणि सू-हा आता शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. त्या अपघातापासून त्याला एक विलक्षण शक्ती मिळाली आहे. कोणाच्याही डोळ्यांत पाहिले, की त्या माणसाच्या मनातले त्याला ऐकू येते.

वसतिगृहात आम्ही चौघी त्या शक्तीवर भाळलो होतो. आम्ही उद्याच्या शिक्षिका. पाठ घेताना मागच्या बाकावरचा मुलगा गप्प का बसतो, ही मुलगी आज रडलेली का दिसते, गृहपाठ कोणी कोणाचा उतरवला, हे सगळे आपल्याला ऐकू आले तर! एक मैत्रीण म्हणाली होती, "मग बाल मानसशास्त्राचा पेपर तरी कशाला द्यायचा?" आम्ही खूप हसलो होतो.

*

यावेळी पहिल्याच भागात मी मालिका थांबवायला सांगितली. फटाक्याचा प्रसंग संपला होता. भाचीला वाटले, मला पाणी हवे आहे.

मधल्या वर्षांत मी शिक्षणसेवक म्हणून लागले, कायम झाले, आणि माझ्या वर्गात एक गोष्ट घडली. सहावीचा वर्ग होता. सहलीचे जमलेले अकराशे पन्नास रुपये मी पाकिटात घालून टेबलावर ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर पाकीट नव्हते. सुट्टीत वर्गात कोण होते, अशी चौकशी केली. एका मुलाचे नाव पुढे आले. फळांची गाडी लावणाऱ्याचा मुलगा. त्याने सहलीचे पैसे भरलेले नव्हते. मी त्याला उभे केले. तो घाबरला, त्याचे कान लाल झाले, नजर खाली गेली. मला वाटले, कळले. सू-हाला जसे ऐकू येते, तसेच मला त्याच्या मनातले ऐकू आले, याबद्दल मला त्या घटकेला जराही शंका नव्हती.

मी त्याला मारले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, हे मला पाठ होते. मी फक्त इतकेच म्हणाले, "घेतलेस तर घेतलेस. सगळ्यांसमोर माफी माग, मी विसरून जाईन." मला तो माझा मोठेपणा वाटत होता. त्याने मान हलवून नाही म्हटले. तीन दिवस मी त्याला तेच विचारत राहिले. वर्गातली मुले त्याला वेगळ्या नावाने हाक मारू लागली. चौथ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. पुढे कळले, की त्याच्या वडिलांनी त्याला दुसऱ्या गावी मामाकडे पाठवले आणि तो तिथे गॅरेजवर काम शिकतो आहे.

वर्षअखेरीला संचयी नोंदपत्रकांचा गठ्ठा सोडला. पाकीट त्यात होते. मीच टेबल आवरताना ते त्यात ठेवले असणार.

मालिकेत न्यायाधीशसाहेबांच्या घरी हे-संगपुढे ठेवलेला मार्ग आणि मी त्या मुलापुढे ठेवलेला मार्ग यांत काय फरक होता? मला सापडला नाही. पहिल्या वेळी तो प्रसंग मी कथेची सुरुवात म्हणून भराभर पाहून टाकला होता. त्यातली गोम आत्ता कळली. माफी मागितली की सुटका, ही सवलत फक्त गुन्हेगाराच्या उपयोगाची असते. निर्दोष माणसाला ती दुहेरी शिक्षा आहे. खोटे बोलला तर स्वतःशी बेइमानी, खरे बोलला तर उर्मट ठरतो.

आणखी एक गोष्ट पूर्वी लक्षात आली नव्हती. हे-संग वकील झाल्यावर तिच्याकडे एका शाळकरी मुलीचा खटला येतो. मैत्रिणीला इमारतीवरून ढकलल्याचा आरोप. मुलगी म्हणते, मी ढकलले नाही. हे-संग तिला काय सल्ला देते? कबूल कर, शिक्षा कमी होईल. जिने न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला नकार देऊन शाळा गमावली, तीच बाई आता दुसऱ्या मुलीला माफीचा मार्ग दाखवते आहे. सू-हा येऊन सांगतो, की ही मुलगी खरे बोलते आहे, तेव्हा ती हलते. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला आपोआप न्यायी बनवत नाही, हे लेखिकेने किती सहज दाखवले आहे.

*

आता सू-हाच्या शक्तीकडे येते. हे-संगच्या आईचा खून होतो, तो मालिकेतला सर्वांत जड भाग. शिक्षा भोगून सुटलेला मिन जून-गुक तिच्या तळलेल्या चिकनच्या दुकानात नोकर म्हणून शिरतो. तिला मारतो आणि दुकानाला आग लागल्याचा देखावा उभा करतो. खटला उभा राहतो. सू-हाला त्याच्या मनातले स्वच्छ ऐकू येते. खून यानेच केला हे त्याला माहीत आहे. पण तो न्यायालयात काय सांगणार? की मला याचे मन ऐकू आले? सत्य माहीत असलेला एकमेव माणूस तिथे सर्वांत दुबळा आहे.

पहिल्या वेळी मला याचा राग आला होता. वाटले होते, न्यायालयाने अशी शक्ती मान्य का करू नये? आज वाटते, ही मागणी नुसती स्वप्नातली नाही. आपल्याकडे ती प्रत्यक्षात येऊ पाहत होती. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा सुनावताना आरोपीच्या मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीला पुराव्यात स्थान दिले आणि त्याची चर्चा जगभर झाली. आरोपीच्या डोक्याला तारा जोडायच्या, वाक्ये ऐकवायची आणि यंत्राने ठरवायचे की त्याच्या मेंदूत गुन्ह्याची आठवण आहे की नाही. नार्को चाचणीचाही तेव्हा फार बोलबाला होता. शेवटी ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माणसाच्या संमतीवाचून नार्को, खोटे पकडण्याच्या यंत्राची किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही आणि मनात जबरीने शिरणे हीसुद्धा तशी सक्तीच आहे.

मन म्हणजे काय कबुलीजबाबाची वही आहे? घाबरलेल्या माणसाच्या मनात काय नसते! माझ्या त्या विद्यार्थ्याच्या मनात तेव्हा कदाचित हेच असेल, की सहलीचे पैसे आपण भरलेले नाहीत म्हणून नाव आपल्यावर येणार. ते भय मी चेहऱ्यावर वाचले आणि त्याला चोरी समजले. वाचण्यात चूक नव्हती, अर्थ लावण्यात होती. मला त्याचे मन ऐकू आले असते, तरी मी बहुधा हाच अर्थ लावला असता.

*

आईच्या खुनाच्या खटल्यात मिन जून-गुकचे वकीलपत्र कोणाकडे जाते? छा ग्वान-ऊकडे. ज्याचे हे-संगवर प्रेम आहे आणि जिच्या आईच्या हातचे तो जेवला आहे, त्याच माणसाकडे. तो मिनवर विश्वास ठेवतो, मेहनत करतो आणि खटला जिंकतो. पुराव्याअभावी मिन निर्दोष सुटतो. खून त्यानेच केला होता हे ग्वान-ऊला कळते ते निकालानंतर. तो कोसळतो आणि ती नोकरी सोडून देतो.

वसतिगृहात आम्ही त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. यावेळी भाचीनेही तेच केले. "असल्या माणसाचं वकीलपत्र घ्यायचंच कशाला?" मी तिला विचारले, "मग कोणी घ्यायचं?" ती म्हणाली, "कोणीच नाही."

कोणीच नाही, हे उत्तर आपल्याकडे अनेकदा दिले गेले आहे. कोइमतूरच्या वकील संघटनेने काही पोलिसांचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव केला होता. ६ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर जिवंत सापडलेल्या हल्लेखोराचा बचाव करू नये, असा ठराव मुंबईतही झाला होता. शेवटी न्यायालयाने त्याला वकील नेमून दिला, खटला रीतसर चालला आणि फाशी झाली. पण त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, भारतीय. त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही. ३ मे २०१० रोजी ते निर्दोष ठरले आणि सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल कायम राहिला. त्यांतील एकाचे वकील शाहिद आझमी यांना तो निकाल पाहायला मिळाला नाही. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. 'कोणीच नाही' हे उत्तर मान्य झाले असते, तर त्या दोघांचे काय झाले असते?

हे मी भाचीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण मिनने तर खून केला होता ना!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून मला जास्त विचार करावा लागला. आता मला वाटते, की ग्वान-ऊने वकीलपत्र घेतले यात त्याची चूक नव्हती. आरोपी निर्दोष आहे अशी खात्री पटल्याशिवाय त्याला लढता येत नव्हते, ही त्याची कमजोरी होती. त्याने आधी मनात निकाल दिला आणि मग बाजू मांडली. तोही एक प्रकारे मन वाचायलाच निघाला होता. वकिलाने मन वाचायचे नसते. आरोप करणाऱ्याला सिद्ध करायला लावायचे असते.

*

पुढे कथा उलटते. मिन सुटल्यावर सू-हा सुरी घेऊन त्याला मारायला जातो. हे-संग मध्ये पडते आणि वार तिला लागतो. सू-हा नाहीसा होतो. एक वर्षाने सापडतो, तेव्हा त्याची स्मृती गेलेली असते. दरम्यान मिनचा तुटलेला डावा हात मिळालेला असतो, बाकी शरीर नाही. सू-हावर त्याच्या खुनाचा खटला उभा राहतो. सरकारी वकील दो-यन, बचावाला हे-संग.

हा खटला ज्युरीपुढे चालतो. दक्षिण कोरियात १ जानेवारी २००८ पासून गंभीर गुन्ह्यांत नागरिकांची ज्युरी बसवण्याची सोय झाली. पाच, सात किंवा नऊ सामान्य नागरिक खटला ऐकतात आणि मत देतात. त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसते. पण वकिलाला आपले म्हणणे साध्या माणसांना पटेल असे मांडावे लागते.

इथे कोणाचेच मन ऐकण्यात अर्थ नाही. आपण खून केला की नाही, हे खुद्द सू-हालाच आठवत नाही. हे-संगला त्याच्याबद्दल माया आहे, पण खात्री कुठून येणार? तिच्याकडे एकच हत्यार उरते. हात सापडला म्हणजे माणूस मेला असे सिद्ध होत नाही. शंकेचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे. सू-हा निर्दोष सुटतो. आणि नंतर कळते, की मिन जिवंत आहे. हात त्याने स्वतःच तोडला होता.

वसतिगृहात या निकालाला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. चारच भाग आधी मिन सुटला तेव्हा त्याच आम्ही रडलो होतो. दोन्ही वेळा न्यायालयाने एकच नियम लावला होता, हे आमच्या चौघींपैकी एकीच्याही लक्षात आले नाही. ज्या नियमाने हे-संगच्या आईचा खुनी सुटला, त्याच नियमाने सू-हा वाचला. मालिकेची सगळी बांधणी या एका गोष्टीवर उभी आहे असे मला आता वाटते. हा नियम आपल्या माणसाला लावायचा आणि नको असलेल्या माणसाला नाही, असे करता येत नाही.

याची किंमत मोठी आहे, हे मी नाकारत नाही. पुराव्याअभावी सुटलेला मिन आणखी माणसांच्या जिवावर उठतो. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याच्यासमोर उभे राहून 'नियम चांगला आहे' असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. मालिकाही तसे म्हणत नाही. तिथे तो भार आईवर टाकला आहे. मरण समोर उभे असताना ती मुलीशी फोनवर बोलते. संकटाचा एक शब्द काढत नाही. कोणाचा द्वेष करण्यात आयुष्य घालवू नकोस, एवढेच वेगवेगळ्या रीतीने सांगते. पहिल्या वेळी मला ती क्षमा वाटली होती. पण मिनला शिक्षा होऊ नये असे ती कुठेही म्हणत नाही. शिक्षा करणे कायद्याकडे सोपवून ती फक्त मुलीचे आयुष्य वाचवू पाहते आहे. आणि जाता जाता एक आठवण. शाळेतून काढले तेव्हा आपली मुलगी खरे बोलते आहे यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. तिला कोणाचे मन ऐकू येत नव्हते.

*

आवडत्या गोष्टीत खुपणारेही सांगितले पाहिजे. सू-हा एकोणीस वर्षांचा, शाळेचा गणवेश घालणारा मुलगा आणि हे-संग त्याच्याहून जवळपास दहा वर्षांनी मोठी. चोविसाव्या वर्षी मला त्या प्रेमात फक्त निष्ठा दिसली होती. आज रोज गणवेशातली मुले समोर बसतात, त्यामुळे काही प्रसंगांत मी अवघडले. हे-संग स्वतः दीर्घकाळ अंतर राखते, हेही खरे. तरी भाचीने "किती गोड!" म्हटले तेव्हा मी हुंकार दिला नाही. वयाबरोबर कळते वाढते की फक्त भीती वाढते, हे मला ठरवता आले नाही.

मिन जून-गुकबद्दलही काही नवे दिसले. त्याच्या बायकोला हृदयरोपणाची गरज होती. मिळणारे हृदय सू-हाच्या अब्बांच्या वजनामुळे सू-हाच्या आईला मिळाले, असा त्याचा डाव असण्यामागचा इतिहास मालिका फार उशिरा उघडते. त्यामुळे खून क्षम्य होत नाही. पण ज्याला आपण अठरा भाग राक्षस म्हणून पाहिले, त्याचीही एक फिर्याद होती आणि ती ऐकणारे कोणी भेटले नव्हते. शेवटच्या खटल्यात त्याच्या शेजारी वकील म्हणून पुन्हा ग्वान-ऊच उभा राहतो. या वेळी आरोपीने काय केले हे त्याला पुरते माहीत आहे. तरी तो उभा राहतो. मिनला जन्मठेप होते. दक्षिण कोरियात कायद्यात फाशी आहे, पण ३० डिसेंबर १९९७ नंतर तिथे कोणालाही फाशी दिलेली नाही. चोविसाव्या वर्षी मला हा शेवट मिळमिळीत वाटला होता. आता वाटते, ग्वान-ऊ या शेवटच्या खटल्यात खरा वकील झाला.

अठरावा भाग संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. त्या मुलाची हकीकत मी भाचीला त्या रात्री सांगितली. पाकीट सापडल्यावर मी त्याच्या घरी गेले होते, तो तेव्हा नव्हता. ईदला तो गावी आला असल्याचे कळले, म्हणून पुन्हा गेले. हात ग्रीसने काळे झालेले, उंची वाढलेली. मी त्याच्या आईसमोर म्हणाले, की चूक माझी होती, पैसे माझ्याच कागदांत सापडले. शाळेत परत ये, मी सगळ्या वर्गासमोर सांगेन. तो चिडला नाही, रडलाही नाही. म्हणाला, "टीचर, मैं बोला था ना." तो परत आला नाही.

भाचीने विचारले, "खाला, तुम्हाला सू-हासारखं ऐकू येत असतं, तर असं झालं नसतं ना?"

मी तिला म्हणाले, मनातले ऐकण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. तो तोंडाने बोलला होता. तीन दिवस, रोज, सगळ्या वर्गासमोर. ते ऐकायला मला दोन कान पुरेसे होते.